चष्मेकाकांच्या खुर्चीत

चष्मेकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मायदेशी गेले आणि त्यांच्या दुकानात बसायची पाळी माझ्यावर आली.

आमच्या गल्लीत आपल्या माणसांची एकतीस दुकानं आहेत आणि आमच्या मंडळाचा नियम एकच आहे: कुणाचंही शटर सलग तीन दिवस खाली राहता कामा नये. राहिलं तर बाजार खात्याचा साहेब येतो, दारावर कागद चिकटवतो, परवाना जातो, आणि परवान्याच्या मागोमाग या देशात राहायचा कागदही जातो. म्हणून कुणी आजारी पडो, लग्नाला जावो किंवा नुसता कंटाळो, दुसऱ्याने त्याच्या दुकानात जाऊन बसायचं. बसायचं म्हणजे त्याचं खुंटीवरचं जाकीट घालायचं, त्याच्या नावाने हाक आली की ओ द्यायची आणि त्याचा फोन वाजला की उचलायचा. फोन दुकानाचा असतो, दुकानाबाहेर न्यायचा नाही. परवान्यावर तोच नंबर असतो आणि साहेबाला मधूनच फोन करून बघायची सवय आहे.

इथल्या लोकांना आपण सगळे सारखेच दिसतो, त्यावर ही सगळी योजना उभी आहे. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. मग लक्षात आलं की मलाही ते सारखेच दिसतात. फिटंफाट.

मी चावीवाला. वय सव्वीस. माझं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. आत मी आणि चावी कापायचं मशीन, दोघांपैकी एकाने श्वास सोडला की दुसऱ्याने घ्यायचा. मी चष्म्यांकडे गेल्यावर या फटीत शिंप्याचा मेहुणा बसणार होता. तो येऊन पाच महिने झाले होते, वय तिशीचं, स्वतःचं दुकान नाही, बहिणीच्या घरी कापायच्या टेबलाखाली झोपायचा. चावी कापायला मी त्याला अर्ध्या तासात शिकवलं.

"अजून काही?" त्याने विचारलं.

"रविवारी आईचा फोन येतो. सांग, बाहेर गेलाय."

"बरं," तो म्हणाला.

एक गोष्ट मी अध्यक्षांना आधीच बजावून ठेवली होती. चार वर्षांत पहिल्यांदा आई मला भेटायला येणार होती, पंधरा तारखेला. तोवर मला माझ्या जागेवर परत बसवा, बाकी काय हवं ते करा. अध्यक्ष म्हणजे हार्डवेअरवाले काका. खिळ्यांच्या पेटीवर बसून चहा पितात, म्हणून अंगात सहनशक्ती भरपूर.

"अरे, बारा दिवसांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "एक ते बारा. तेराव्याला तू तुझ्या फटीत."

चष्म्याचा धंदा मला चष्मेकाकांनी विमानतळावरून फोनवर शिकवला. "मशीनमध्ये बघायला सांग, कागद बाहेर येईल. मग पेटीतल्या काचा एकेक करून डोळ्यापुढे लावायच्या आणि विचारायचं, हे बरं की हे बरं? तो म्हणेल ते लिहायचं."

"आणि त्याला दोन्ही सारखंच दिसलं तर?"

"तर तो खोटं बोलतोय. पुन्हा विचार."

पहिलं गिऱ्हाईक म्हणून इथलीच एक म्हातारी आली. खुर्चीत बसली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चष्मेकाका बासष्टचे आहेत, डोक्यावर केस नाहीत, खांदे कपाटाएवढे. मी सव्वीसचा, फटीत मावणारा.

"बारीक झालात," ती म्हणाली.

"हो, जरा."

"गेल्या वेळी माझ्या नवऱ्याची चौकशी केली होतीत."

"कसे आहेत?"

"गेले की. त्यांचा चष्मा तुम्हीच ठेवून घेतला होता. म्हणाला होतात, मन शांत झालं की घेऊन जा."

मी उठलो, डाव्या बाजूचा तिसरा खण उघडला, पार मागे हात घातला आणि रुमालात गुंडाळलेला चष्मा काढून तिच्या हातात दिला. ती डोळे पुसत निघून गेली. मी त्या खणाकडे बघत उभा राहिलो. त्या दुकानात येऊन मला चाळीस मिनिटं झाली होती आणि दिव्याचं बटण कुठे आहे ते अजून सापडलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी जाकीट खांद्यात बसायला लागलं. पहिल्या दिवशी त्यात माझ्यासारखे दोन मावले असते. म्हटलं, धुतल्याने आटलं असेल. पण जाकीट कुणी धुतलेलं नव्हतं. सहाव्या दिवशी समोरचा मोबाईलवाला "काय काका" म्हणाला. हा मोबाईलवाला आपलाच, माझ्याबरोबर रोज संध्याकाळी कॅरम खेळतो. मी म्हटलं, "काका कुणाला म्हणतोस?" तर त्याने मान खाली घातली आणि फोनचं मागचं झाकण उघडायला लागला, जणू काही मीच काहीतरी अभद्र बोललो.

नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला बाजार खात्याचा साहेब आला. दरवर्षी तो या महिन्याच्या अखेरीला येतो. या वेळी का लवकर आला, कुणालाच कळलं नाही. बरोबर कॅमेरा. या वर्षीपासून परवान्यांवर नवे फोटो लागणार होते, म्हणून प्रत्येकाचा फोटो त्याच्या दुकानात, त्याच्या खुर्चीत.

मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट."

त्याने जुना परवाना माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. त्यावर चष्मेकाका, टक्कल, मिशी. त्याने एकदा मिशीकडे बघितलं, एकदा मिशी नसलेल्या माझ्याकडे बघितलं. "वजन कमी केलंत, चांगलं केलंत," म्हणाला आणि फोटो काढला. जन्मसाल लिहिताना माझ्याकडे बघून मान हलवली. "वय दिसत नाही हो तुमचं."

तिथून तो चावीच्या दुकानात गेला. मी दारातून बघत होतो. माझ्या फटीत मेहुणा सरळ बसला, केसांवरून हात फिरवला आणि हसला. साहेबाने त्याचाही फोटो काढला आणि परवान्यावर शिक्का मारला.

दहाव्या दिवशी चष्मेकाकांचा फोन आला. ऑपरेशन छान झालं होतं.

"कधी येताय?"

"येत नाही," ते म्हणाले. "अरे, पट्टी काढली आणि इतकं स्वच्छ दिसायला लागलं की काय सांगू. समोर बायको दिसली. एवढी वर्षं मी तिकडे काय करत होतो, ते काही केल्या आठवेना."

"चष्म्याचं दुकान चालवत होतात."

"मी?" ते म्हणाले. "मी तर घड्याळजी. चष्मेवाला रजेवर गेला म्हणून चार दिवस बसलो होतो." आणि फोन ठेवला.

अकराव्या दिवशी मी मंडळाची बैठक बोलवायला लावली. बैठक दुपारी जेवणाच्या सुट्टीत, अध्यक्षांच्या गोदामात, पाईपांच्या ढिगाऱ्यांमध्ये. वीज गेलेली, बाहेर जनरेटरचा आवाज, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे गोल तुकडे पडलेले. तीसेक माणसं आली. मी उभं राहून सांगितलं: साहेबाने चुकीचे फोटो काढलेत, ते बदलून घ्या, परवा मला माझ्या दुकानात बसायचंय, माझी आई येतेय.

"बदलून कसे घेणार?" अध्यक्ष म्हणाले. "साहेबाला काय सांगायचं? की तुम्ही फोटो काढलात तो माणूस हा नव्हेच? मग तो विचारेल, उरलेले एकोणतीस तरी तेच आहेत का?"

"मग सांगा ना, की तेच आहेत."

पार्लरवाल्या वहिनींनी नखांवरचं पॉलिश खरवडायला सुरुवात केली.

"दुकानवाल्यांत तू सगळ्यांत नवा," अध्यक्ष मायेने म्हणाले. "म्हणून तुला वाटतं, ही फक्त तुझी अडचण आहे." मग त्यांनी सगळ्यांकडे वळून विचारलं, "जो स्वतःच्या मूळ दुकानात बसलाय, त्याने हात वर करावा."

जनरेटर बंद पडला. पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. मी एकेकाकडे बघितलं. शिंपी, चहावाला, बॅटरीवाला, पार्लरवाल्या वहिनी, गादीवाला, मोबाईलवाला. सगळ्यांचे हात मांडीवर. कुणी शरमलेलं नव्हतं. बसची वाट बघणाऱ्या माणसांसारखे सगळे शांत बसले होते.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"मी सुटकेसच्या दुकानात होते रे," वहिनी म्हणाल्या. "पार्लरवाली बाळंतपणाला गेली, चाळीस दिवसांसाठी. तिच्या मुलाला आता नोकरी लागली."

"आणि तुमच्या घरच्यांना कळलं नाही?"

"नवरा पहिले दोन महिने जरा बिचकला," त्या म्हणाल्या. "पार्लरवालीचा नवरा. स्वभावाने बरा आहे."

अध्यक्ष मला दारापर्यंत सोडायला आले. खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, दुकान चालू राहिलं पाहिजे. माणूस काय, आज आहे उद्या नाही."

"तुम्ही मुळात कोण, काका?"

त्यांनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, पाईपांकडे बघत, चांगला मिनिटभर. "केक करायचो बहुतेक," ते म्हणाले. "वास येतो कधी कधी."

बाराव्या दिवशी मी चष्मेकाकांच्या फोनवरून आईला फोन लावला. हे आधीच करायला हवं होतं, मान्य. पण आईला फोन करणं हे मला चार वर्षं जमलेलं नव्हतं. नेहमी तीच करायची आणि मी मशीन चालू ठेवून "हां, हां" करायचो.

"आई, मी बोलतोय."

पलीकडून ती म्हणाली, "कोण आपण?"

"अगं, मी. तुझा मुलगा."

"माझा मुलगा आत्ताच बोलला माझ्याशी," आई म्हणाली. "रोज याच वेळेला बोलतो. तुमचा आवाज जरा त्याच्यासारखा आहे, भाऊ. पण तुम्ही नंबर बघून लावा."

रोज. मी त्याला रविवारचं सांगितलं होतं, तेही 'बाहेर गेलाय' एवढं सांगून ठेवायला.

मी तडक माझ्या दुकानात गेलो. मेहुणा चावी घासत होता. माझ्यापेक्षा चांगली घासत होता, कडा बोटावरून फिरवून बघत होता. शेल्फावरच्या कोऱ्या चाव्या लांबीप्रमाणे टांगलेल्या. ती फट मला पहिल्यांदाच खोलीसारखी दिसली.

"तू माझ्या आईशी काय बोलतोस?"

"काही विशेष नाही, काका," तो म्हणाला. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. "जेवलीस का विचारतो. गुडघ्याचं विचारतो. काल शेजारणीच्या मांजराचं सांगत होत्या."

"सांगत होत्या कसलं? ती माझी आई आहे. आणि ऊठ आता."

तो लगेच उठला. खरं तर हीच गोष्ट मला सगळ्यात भीतीदायक वाटली. त्याने जाकीट काढून माझ्यापुढे धरलं. माझंच जाकीट, खिशाला मशीनच्या तेलाचा डाग. मी हात घातला. बाही कोपराच्या वर सरकेना. मी ओढली, त्याने मागून ओढली, चहावाला येऊन खांद्याला धरून ओढायला लागला. उसवल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही तिघंही थांबलो.

"राहू दे," मी म्हणालो. "आई आली की आपोआप मिटेल. तिला दिसेलच ना, मुलगा कोण ते."

"हो की," मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग हळूच म्हणाला, "त्यांना आणायला मी जाऊ का? तुमची गिऱ्हाइकं बसलीयेत."

खरोखरच बसली होती. सात जण.

पंधरा तारखेला दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि रस्त्याच्या अलीकडेच माझ्या दुकानासमोर उभा राहिलो. आई आली होती. माझ्या स्टुलावर बसली होती, पायाशी पिशवी, साडीला प्रवासाच्या चुण्या. चार वर्षांत खांद्यात वाकली होती. वीज गेली होती आणि मेहुणा तिला पुठ्ठ्याने वारा घालत होता. मी आयुष्यात कुणाला पुठ्ठ्याने वारा घातलेला नाही.

आईने मान वर केली. आमच्या दोघांत वीस पावलं रस्ता, एक हातगाडी आणि धूळ. तिने माझ्याकडे सरळ बघितलं. मी हात वर केला. तिने नजर पुढे नेली, जशी आपण पाटी वाचून पुढे नेतो.

तिला लांबचं दिसत नाही, मी स्वतःला सांगितलं. दुकानात परत आलो आणि खुर्चीत बसताना माझ्या तोंडून "आई गं" निघालं, म्हाताऱ्या माणसांच्या निघतं तसं.

दुसऱ्या दिवशी अकराला मेहुणा तिला घेऊन आला.

"काका, आईचे डोळे तपासून द्या जरा. बशीतलं मीठ की साखर तिला कळत नाही." त्याने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं, पायरी आहे म्हणून सांगितलं, पिशवी मांडीवर दिली. "मी आलोच. गिऱ्हाईक सोडून आलोय."

तो गेला. दुकानात मी आणि आई. मी दार लोटून घेतलं. तिचा हात खुर्चीच्या दांडीवर होता आणि अंगठ्याच्या नखावरची ती चीर तशीच होती. मी काम सुरू केलं. मशीनपुढे हनुवटी टेकायला लावली. कागद आला. नंबर बराच चढला होता. तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. ती समोरच्या तक्त्याकडे बघत होती, मी तिच्या शेजारी उभा. पहिली काच लावली.

"काय दिसतं?"

"वरचं मोठं अक्षर. बाकी मुंग्या."

दुसरी काच. "हे बरं की आधीचं बरं?"

"हे."

तिसरी. चौथी. दर काचेला ती एकेक ओळ खाली उतरत होती. पेटीत हात घालताना काचा एकमेकींवर वाजत होत्या. आता शेवटची जोडी. ही लावली की तिला तक्त्याची शेवटची ओळ दिसणार होती आणि तक्त्याऐवजी माझ्याकडे वळून बघितलं तर मीही. दोन काचा कमी लावून पाठवली असती तर मला आयुष्यभर म्हणता आलं असतं की बिचारीला दिसलंच नाही.

मी बरोबर नंबरच्या काचा लावल्या आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिलो.

आईने बघितलं. फ्रेममुळे तिचे डोळे दुप्पट मोठे दिसत होते. केस, कपाळ, लहानपणी झोपाळ्यावरून पडलो तेव्हाची हनुवटीवरची खूण, एकेक करून सगळं बघितलं. मग हात पुढे केला आणि माझ्या जाकिटाची कॉलर सरळ केली.

"केस नीट कापत जा," ती म्हणाली.

"आई."

"हळू बोल. तो बाहेर असेल."

"तुला कळलं?"

"पहिल्या फोनलाच कळलं. तुझा आवाज मला कळणार नाही? म्हटलं, हा चोर कोण. चांगली खडसावणार होते. तर म्हणतो, जेवलात का?" ती थांबली. "तिसऱ्या फोनला म्हटलं, असू दे. त्याची आई तो दोन वर्षांचा असताना गेली. सांगितलं का त्याने तुला?"

"नाही."

"तू विचारलं नसशील."

"मी फोन केला होता तुला. तू मला भाऊ म्हणालीस."

"तोवर मी त्याला हो म्हणून बसले होते," आई म्हणाली. "आणि शेजारणींना काय सांगू, एकाएकी दोन झाले म्हणून?"

मला हसू आलं. तिलाही आलं. मग मी म्हणालो, "मी उद्या साहेबाकडे जातो. सगळं सांगतो. जे होईल ते होईल."

"काय होईल?"

"दोन्ही दुकानं जातील. त्याला परत पाठवतील. बहुधा मलाही."

"आणि बाकीच्यांना?"

बाहेरून मशीनचा आवाज येत होता, धातूवर धातू, सावकाश, एकसारखा.

"माझी सगळी मिळून एक महिन्याची राहण्याची परवानगी आहे," आई म्हणाली. "पण तो म्हणतो, मुलाच्या परवान्यावर मला वर्षभर राहता येतं. त्याने अर्जही भरलाय. तू भरला असतास?" माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने आवाज खाली आणला. "तुला टोमणा नाही मारत. खरंच विचारतेय."

मी चार वर्षांचा विचार केला आणि तिला खरं सांगितलं. "नसता भरला."

"मग जाऊ नकोस कुठे," ती म्हणाली. "इथेच आहेस, समोर. मला दिसतोस."

दारावर टकटक झाली. तिने फ्रेम काढून माझ्या हातात दिली, डोळे मिचकावले आणि पुन्हा आंधळ्यासारखी समोर हाताने चाचपत उठली. मेहुण्याने आत येऊन तिचा दंड धरला.

"झालं, काका? कधी मिळेल चष्मा? मी येऊन घेऊन जातो."

"गुरुवारी. पण तुम्ही नका येऊ, त्यांनाच पाठवा," मी म्हणालो. माझा आवाज खोल आणि थोडा बसलेला आला, बासष्टचा. "नाकावर बसवून बघावा लागतो. कानामागे दुखतं का ते विचारावं लागतं."

"येईन मी," आई म्हणाली. "येते हं, काका."

दोघं रस्ता ओलांडून गेले. तो हातगाडी जाईपर्यंत तिच्यापुढे हात आडवा धरून उभा राहिला.

दुपारभर मी तिच्या काचा घासल्या. फ्रेम हलकी निवडली, तिच्या नाकाला वळ पडतात. डाव्या काडीचा स्क्रू बसवताना तो शेवटपर्यंत पिळला नाही, दोन आटे बाकी ठेवले. एवढ्या सैल स्क्रूने चष्मा आठ-दहा दिवस नीट चालतो, मग काडी लोंबायला लागते आणि माणसाला दुकानात यावंच लागतं. उजव्या काडीचाही तसाच सैल ठेवला, पण दोन्ही एकदम निघायला नकोत म्हणून त्याचे तीन आटे बाकी ठेवले.